रजिस्टरात आमची नावं आहेत, आमचं म्हणणं कुठं आहे?



पावसाळा लागायच्या आधीची गोष्ट. आमच्या एका टोल्यावर वनहक्काची बैठक होती. दाव्यांना जुने पुरावे जोडायचे म्हणून ग्रामपंचायतीतून कागदांचा गठ्ठा आणला होता. त्या गठ्ठ्यात एक रजिस्टर चुकून आलं. वर नाव होतं ‘ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती’. आम्ही म्हटलं, आलंच आहे तर वाचू. वाचणाऱ्या पोरानं सभासदांची नावं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. पहिलंच नाव ज्या काकूचं, ती चुलीपाशी चहा गाळत होती. ती म्हणाली, "मी कधी झाली बाप्पा मेंबर?" दुसरं नाव तिच्या जावेचं. तिलाही पत्ता नाही. पाचवं नाव एका बुढ्याचं निघालं. तो वारून दोन वर्षं झाली होती, आणि रजिस्टरात त्याचा शेवटचा अंगठा मागच्या दिवाळीतला होता.

सगळे हसले. मंग हसू थांबलं. कारण पुढच्या पानावर खर्च होता. फिनेल, सतरंजी, फलक रंगवणे, चहापाणी, पुन्हा फिनेल. टोल्यावरच्या एकाही माणसानं ते फिनेल पाहिलं नाही, सतरंजी त बिलकूलच नाही. आम्ही जमिनीवर बसूनच ते वाचत होतो.

ज्या वर्षाचा हा हिशोब, त्याच वर्षी याच टोल्यावरच्या एका बाईला बाळंतपणासाठी खाटेवर घालून नाला ओलांडावा लागला होता. पलीकडे गाडी उभी होती, पण गाडीवाला भाडं आधी मागत होता. घरोघर फिरून सहाशे रुपये गोळा केले. त्यात दोन तास गेले. बाई वाचली, बाळ गेलं. त्या दोन तासात समितीच्या खात्यात पैसे पडून होते. आणि ज्या बायकांनी खाटेला हात लावला, त्यातल्या दोघी समितीच्या मेंबर होत्या. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

हे कोणतं गाव, कोणती ग्रामपंचायत, कोणाच्या हातचं रजिस्टर, ते आम्ही इथं छापत नाही. एका ग्रामसेवकाला धरून काही होणार नाही. आमचा अंदाज आहे की हा अंक ज्या ज्या गावात वाचला जाईल तिथल्या कपाटात असं एखादं रजिस्टर सापडेल. तुम्ही काढून पाहा, एवढंच सांगणं आहे.

आता ही समिती काय आहे ते सरळ सांगतो. २००५ साली केंद्र सरकारनं राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू केलं. त्यात प्रत्येक महसुली गावात एक आरोग्य समिती पाहिजे असं ठरलं. तिला वर्षाला १०,००० रुपये मिळतात. या पैशाला ‘अबंधित निधी’ म्हणतात. अबंधित म्हणजे वरून बांधून न दिलेला. तो कशावर खर्च करायचा ते गावानं ठरवायचं. अडलेल्या बाईला दवाखान्यात न्यायचं भाडं त्यात बसतं, विहिरीत टाकायची पावडर बसते, कमी वजनाच्या पोराला दवाखान्यात न्यायचा खर्च बसतो. अभियानाच्या सुरुवातीला उपकेंद्राला वेगळे १०,००० रुपये यायचे, ते नर्सबाई आणि सरपंच यांच्या सहीनं निघायचे. प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्ण कल्याण समिती असते, तिच्याकडे याहून जास्त पैसा असतो. म्हणजे कागदावर पाहिलं तर गावापासून वरपर्यंत जागोजाग लोकांना खुर्ची ठेवलेली आहे. त्या खुर्चीवर आपल्याले कोणी बोलावलं नाही आणि आपणही विचारलं नाही, की बाबा ही कोणाची खुर्ची आहे.

ही गोष्ट नवी पण नाही. इंग्रज जायच्या आधी, १९४६ साली, भोर समितीनं लिहून ठेवलं होतं की गावागावात लोकांची आरोग्य समिती पाहिजे. १९७८ साली सोव्हिएत संघातल्या अल्मा-आटा शहरात १३४ देशांची माणसं जमली होती. त्यांनी मान्य केलं की आरोग्यसेवा कशी असावी हे ठरवण्यात भाग घेणं हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्य पण आहे. भारत सरकारनं त्यावर मान डोलावली. तेव्हा आमच्यापैकी बऱ्याच जणांचा जन्म झाला नव्हता. आमच्या आईबापांना मात्र त्या काळात काय विचारलं गेलं? नसबंदीला किती माणसं आणता, हे विचारलं गेलं.

म्हणून आम्हाला ‘लोकसहभाग’ हा शब्द ऐकला की थोडा संशय येतो. शिबिराला गर्दी जमवा, हा सहभाग. साहेब येणार म्हणून रस्ता झाडा, हा श्रमदानाचा सहभाग. कोऱ्या पानावर अंगठा द्या, हाही सहभागच. जंगल खात्यानं संयुक्त वन व्यवस्थापनाच्या समित्या काढल्या तेव्हा आपण हेच पाहिलं. राखण आपली, आग विझवायला आपण, आणि कूप कुठं पडेल ते ठरवणार खातं. आरोग्याच्या समित्याही त्याच साच्यातून निघाल्या तर त्यांचा उपयोग नाही. ठरवताना जो नव्हता तो सहभागी कसा? तो त मजूर झाला, आणि बिनपैशाचा मजूर.

पण आपल्याच जिल्ह्यात याहून वेगळं घडलेलं आहे, ते आपण विसरू नये. वर्ध्यात राहून सेवाग्रामचा दवाखाना माहीत नाही असा माणूस नाही. १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी तिथं वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं. खेड्यात निघालेलं देशातलं ते पहिलं. तिथले डॉ. उल्हास जाजू ऐंशीच्या दशकात आसपासच्या गावात ज्वारीची योजना घेऊन गेले. आमच्यातल्या जुन्या माणसांना ती आठवते. सुगीत ज्वारी निघाली की घरामागे ज्वारी जमा करायची. ज्याची शेती जास्त त्यानं जास्त द्यायची, मजूर माणसानं कमी. नगद पैसा कोणाजवळ नसतो, पण सुगीच्या दिवसात कणगीत दाणे असतात, ही साधी गोष्ट ज्याला समजली त्यानं गाव पाहिलं होतं असं म्हणावं लागेल. गावातली किमान ७५ टक्के घरं तयार झाली तरच योजना लागू व्हायची. चार शहाणी घरं पैसे भरतील आणि गरीब घरं बाहेर राहतील, असं चालत नसे. त्या ज्वारीच्या पैशातून गावच्या आरोग्य सेवकाचं मानधन आणि औषधं निघायची. अचानक आलेल्या दुखण्याला दवाखान्यात इलाज फुकट. जे दुखणं आधीपासून माहीत असतं, जसं मोतीबिंदू, हर्निया, त्याला थोडा खर्च घरच्यानं करायचा.

यात आम्हाला महत्त्वाचं काय वाटतं? ज्यानं ज्वारी दिली तो दवाखान्याच्या दारात हात जोडून उभा राहत नाही. तो म्हणू शकतो, आमच्या गावात औषध का आलं नाही ते सांगा. दाणा दिला की जीभ मोकळी होते. सरकारी दवाखान्यात आपण फुकट घेतो असं आपल्याले वाटतं, म्हणून आपण गप्प राहतो. साधी माचिस घेताना पण आपण कर भरतो. त्यातूनच हा दवाखाना चालतो. ती पण आपली ज्वारीच आहे, फक्त ती मोजताना आपण पाहिली नाही.

याच सेवाग्रामच्या लोकांनी २००३ ते २००८ या काळात आंजी, गौळ आणि तळेगाव या ३ आरोग्य केंद्रांच्या ६७ गावांत पोरांचे जीव वाचवण्याचं काम केलं. तिथं गावाच्या समन्वय समित्या केल्या, बायांचे गट केले, पोरींच्या किशोरी पंचायती केल्या. ही गावं चांगली, रस्त्यावरची. आमचं दुखणं एवढंच की असं काम जंगलकडेच्या गावात पोचायला नेहमी उशीर होतो. आणि ज्वारीच्या योजनेबद्दल एक शंका जाता जाता लिहून ठेवतो. आता ज्वारी राहिली कुठं? सगळीकडे कापूस आणि सोयाबीन. ज्याच्या अतिक्रमणाच्या तुकड्यावर दर साली चर खोदून जातात, त्याची कणगी कधी भरेल आणि तो काय मोजून देईल?

इथून आपला मुद्दा सुरू होतो.

सरकारचा नियम असा की आदिवासी आणि डोंगरी भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र आणि २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. सपाट भागात हेच आकडे ५,००० आणि ३०,०००. आशाताई दर १,००० लोकांमागे एक, पण आदिवासी भागात एका वस्तीला एक देता येते. नियम चांगला आहे. पण वर्धा जिल्हा संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत नाही. शेजारच्या यवतमाळ, चंद्रपूर, अमरावतीचा काही भाग आहे, आपला एकही तालुका नाही. त्यामुळे पेसा कायदा इथं लागत नाही, आणि आरोग्याच्या हिशोबात आपण सपाटीवाले धरले जातो. कारंज्याच्या डोंगरातला गोंड टोला असो, नाही त बोर अभयारण्याच्या काठावरची वस्ती असो, त्याचा हिशोब वर्धा-नागपूर रस्त्यावरच्या गावासारखा होतो. कोलाम ही सरकारच्याच यादीत आदिम जमात आहे. पण कोलामांचं पोड जर मोठ्या गावात मोजलं गेलं असेल तर त्याची वेगळी आशाताई नाही, वेगळी समिती नाही, वेगळे १०,००० नाहीत.

‘महसुली गाव’ हा शब्द इथं पुन्हा वाचा. समिती आणि पैसा महसुली गावाला आहे. जे टोले जंगल खात्याच्या जमिनीवर आहेत, ज्यांचं नाव महसुलाच्या कागदात नाही, त्यांचा वाटा मुख्य गावात जातो, आणि मुख्य गावातून टोल्यावर फिनेलचा वासही येत नाही. आपण म्हणतो आमची लढाई जमिनीची आहे. बरोबरच आहे. पण गाव कागदावर नसल्यानं सातबाराच अडतो असं नाही, नर्सबाई पण अडते. २००६ च्या वनहक्क कायद्यात वनग्राम आणि नोंद नसलेल्या वस्त्या महसुली गाव करून घेण्याचा हक्क आहे, कलम ३(१) मध्ये. आपल्या बहुतेक गावांनी वैयक्तिक दावे भरले, काहींनी सामूहिक भरले. हा दावा फार थोड्यांनी भरला आहे. भरा.

त्याच कायद्यात अजून एक कलम आहे, ३(२). हे प्रत्येक वनहक्क समितीनं पाठ करून ठेवावं. किती वेळा ऐकलं आपण, की तुमच्या गावाला अंगणवाडी मंजूर आहे पण जागा जंगलाची आहे, उपकेंद्र मंजूर आहे पण वनखातं परवानगी देत नाही, फाईल वर गेली आहे. वर म्हणजे कुठं ते कोणी सांगत नाही. या कलमात १३ प्रकारच्या कामांसाठी वनजमीन देता येते असं लिहिलं आहे. त्यात शाळा आहे, दवाखाना आहे, अंगणवाडी आहे, रेशनचं दुकान आहे, पिण्याच्या पाण्याची योजना आहे, रस्ता आहे. अटी अशा, की प्रत्येक कामाला जागा एक हेक्टरच्या आत पाहिजे, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटता कामा नयेत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. शेवटची अट पुन्हा वाचा. ग्रामसभेची शिफारस. म्हणजे ही फाईल खालून निघते. दवाखाना कुठं पाहिजे, नाल्याच्या अलीकडे की पलीकडे, हे ठरवून कागद आपण काढायचा आहे. आपण ठराव न करता वाट पाहत बसलो, हा दोष खात्याचा नाही, आपला आहे. आम्ही कार्यकर्त्यांचा त जास्तच आहे, कारण आम्हीही हे कलम जमिनीच्या दाव्यांच्या गडबडीत पुढं ढकललं.

लोकांना विचारल्यावर काय होतं त्याचा एक नमुना गडचिरोलीत आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग १९८६ मध्ये तिथं आले. दवाखाना कसा पाहिजे म्हणून त्यांनी आदिवासींना विचारलं. लोक म्हणाले, मोठ्या इमारतीची भीती वाटते, पांढऱ्या कपड्याची भीती वाटते, कारण पांढरं कापड मढ्यावर घालतात. सोबतचे लोक राहतील कुठं, हेही विचारलं. मंग शोधग्रामचा दवाखाना गोंडांच्या घरांसारखा बांधला गेला आणि त्याला दंतेश्वरी आईचं नाव दिलं. शिकलेल्या माणसाला हे बारीकसारीक वाटेल. पण माणूस दवाखान्यात आलाच नाही तर आतली मशीन कोणासाठी?

दुसरा नमुना वर्धा नदीच्या पलीकडे, अमरावती जिल्ह्यात. २००७ पासून महाराष्ट्रातल्या अमरावती, नंदुरबार, ठाणे, पुणे आणि उस्मानाबाद या ५ जिल्ह्यांत ‘लोकाधारित देखरेख’ सुरू झाली. गावातले लोक आरोग्य केंद्रात जाऊन पाहतात. औषध आहे का, डॉक्टर मुक्कामी आहेत का, बाहेरच्या दुकानाची चिठ्ठी देतात का, नर्स गावात आली का. त्यावरून आरोग्य केंद्राचं प्रगतीपुस्तक करतात, शाळेतल्या पोराचं असतं तसं, आणि ते भिंतीवर लावतात. मंग जनसुनवाई होते. अधिकारी समोर बसतात आणि लोक एकेक करून सांगतात. मेळघाटातल्या बायका माईक हातात धरून तालुक्याच्या डॉक्टरला विचारतात, हे आपल्या डोळ्यासमोर आणा. आपल्याकडे हे सरकारनं सुरू केलं नाही. पण प्रगतीपुस्तक करायला परवानगी कोणाची लागते? एक पाटी, एक खडू आणि वाचता येणारी एक पोरगी एवढं पुरे आहे.

आम्ही त्या टोल्यावर रजिस्टर सापडल्यानंतर दुसरी बैठक घेतली. फक्त बायांची. विचारलं, तुमच्या हाती असतं त काय बदललं असतं? आम्हाला वाटलं होतं त्या म्हणतील डॉक्टर पाहिजे, मोठा दवाखाना पाहिजे. तसं कोणी म्हटलं नाही. पहिली गोष्ट निघाली ती लसीच्या दिवसाची. नर्सबाई येते सकाळी दहाला. मोहफुलाच्या दिवसात बाया अंधारात जंगलात जातात, तेंदूच्या दिवसात तसंच, आणि कापूस वेचणीत त सात वाजता घर सुटतं. मंग पोराला घेऊन कोण येईल? रजिस्टरात लिहिलं जातं ‘पालक उदासीन’. एक बाई म्हणाली, "आमी काहून उदास राहू? तुमी आमाले इचारून त पाहा, कवा याचं." दिवस बदलायला एक रुपया लागत नाही. नर्सबाईशी बोललो, तिनं दुपारी तीनची वेळ घेतली. तिला पण कोणी कधी विचारलं नव्हतं. ती एकटी चार गावं फिरते, तिच्यावर राग काढून आपण नेहमी चूक करतो, हेही इथं लिहून ठेवलं पाहिजे.

दुसरी गोष्ट दारू. वर्धा म्हणजे दारूबंदीचा जिल्हा, हे सांगताना सगळ्याच बाया हसल्या. मारहाण, पोटाचं दुखणं, रेशनचे पैसे उडणं, हे आरोग्याच्या कोणत्या रकान्यात लिहायचं ते रजिस्टरात नाही.

तिसरी गोष्ट सिकलसेल. हे आपल्या रक्तातलं दुखणं आहे. आईबाप दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात चार आण्याचा धोका असतो, की पोर आजारी निघेल. हाडं दुखतात, अंगात रक्त राहत नाही, पोर शाळा सोडतं आणि मास्तर म्हणतो आळशी आहे. तीन वर्षांपूर्वी या टोल्यावर एक शिबिर झालं होतं. बोटाला टोचून सगळ्यांचं रक्त नेलं. कागद आजवर आला नाही. ज्यांनी नेलं त्यांच्या अहवालात मात्र आपल्या टोल्याचा आकडा असेलच. आपलं रक्त त्यांच्या कामाला आलं, आपल्या कामाला आलं नाही. एक पोरगी, बारावीला आहे, उठून म्हणाली की लग्न जमवायच्या आधी मला माझा कागद पाहिजे. बायांची बैठक होती म्हणून ती बोलली. मोठ्या ग्रामसभेत बोलली असती का, शंका आहे. म्हणून आमचं म्हणणं, आरोग्याची गोष्ट आधी बायांच्या सभेत झाली पाहिजे, मंग गावाच्या.

चौथी गोष्ट आम्हाला अपेक्षित नव्हती. एक म्हातारी म्हणाली की गार्डच्या भीतीनं आता जंगलातली भाजी, कंद आणणं कमी झालं. पहिले भादव्यात घरात काही नसलं तरी जंगलात असायचं. आता बाजारातून आलू आणा, नाही त मीठ-भाकर खा. पोरं रोडावली आहेत ती त्यामुळं. हे तिनं आम्हाला शिकवलं. कुपोषणाचे तक्ते भरणाऱ्या साहेबांनी जंगलाची वाट बंद झाल्याचा रकाना कधी केला नाही.

आपल्या संघटनेतल्या काही साथींचा याला विरोध आहे, तो लपवून ठेवत नाही. ते म्हणतात, दवाखाना, नर्स, फिनेलचे हिशोब ही संस्थावाल्यांची कामं आहेत. यात शिरलो की लढाऊपणा जाईल, आपण सरकारचे बिनपगारी नोकर होऊ, जमिनीचा प्रश्न मागं पडेल. ही भीती खोटी नाही. आम्ही अशा संघटना पाहिल्या आहेत, ज्या मोर्चे काढता काढता बचतगटाच्या पापडावर येऊन थांबल्या. पण मंग आम्ही विचारतो, दाव्याच्या तारखेला उपविभागीय कार्यालयात किती माणसं येतात? मागच्या वेळी निम्मी आली. बाकीची कुठं होती? तापानं पडली होती, पोर दवाखान्यात होतं, मजुरी बुडेल म्हणून घरी होती. ज्या घरातलं एक माणूस आजारी पडलं त्या घरानं बैल विकला आणि पुढच्या साली तो तुकडा दुसऱ्याला बटईनं दिला. जमीन हातातून जायची एक वाट दवाखान्यातून जाते, ही आपल्या गावातली रोजची गोष्ट आहे. आणि २००९ साली मेंढा-लेखाला जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला तो काय फक्त कायद्यानं मिळाला? त्या गावात त्याआधी कितीतरी वर्षं सगळ्या गोष्टी ग्रामसभेत बसून ठरत होत्या. ठरवायची सवय असलेल्या गावाला हक्क पेलला.

फक्त एक अट आम्ही मानतो. संघटनेनं दवाखाना चालवायचा नाही, औषधं वाटायची नाहीत, सरकारचं काम आपल्या डोक्यावर घ्यायचं नाही. विचारायचं, तपासायचं, ठराव करायचा, आणि ठरावाची पोच घ्यायची.

येत्या २ ऑक्टोबरला ग्रामसभा आहे. त्याच्या आधी प्रत्येक गावानं आपल्या आरोग्य समितीचं रजिस्टर आणि बँकेचं पासबुक पाहायला मागावं. तोंडी देत नसतील त माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. अर्जाला १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या कार्डवाल्याला तेही लागत नाहीत. सभासदांची नावं टोल्यावर मोठ्यानं वाचावीत. जे मेलेले आहेत त्यांना आता मोकळं करावं. नवीन समिती ग्रामसभेत हात वर करून निवडावी, निम्म्यापेक्षा जास्त बाया घ्याव्यात, प्रत्येक टोल्याचं आणि पोडाचं माणूस त्यात असावं. गावच्या सुईणीला आणि झाडपाल्याचं जाणणाऱ्या म्हाताऱ्याला पण बोलवा, त्यांना टाळून गावचं दुखणं समजणार नाही. १०,००० पैकी काही रक्कम रात्रीच्या गाडीसाठी बाजूला ठेवायची असा ठराव करा आणि ती रक्कम कोणाच्या घरी मिळेल ते भिंतीवर लिहा. जिथं अंगणवाडी किंवा उपकेंद्राची जागा जंगलात अडकली आहे, तिथं कलम ३(२) चा ठराव वेगळ्या कागदावर करा. एकाच ठरावात दहा विषय कोंबले की वाचणारा नेमका आपला विषय सोडतो. ठरावाची एक प्रत आमच्याकडे पाठवा, म्हणजे पुढच्या अंकात कोणत्या गावानं काय ठरवलं ते छापता येईल. ज्यांना वाचता येत नाही त्यांना हा अंक वाचून दाखवा, आणि पानं भिजू देऊ नका, शाई कच्ची आहे.

त्या टोल्यावर नवीन समितीची बोलणी झाली आहेत. चहा गाळणाऱ्या काकूचं नाव पुन्हा पहिलं आहे, पण या वेळी तिला विचारून. तिनं आधीच अट घातली, बैठक बाजाराच्या दिवशी ठेवायची नाही, आणि ठेवलीच तर रजिस्टर तिच्या घरी राहील.